कोंबडी की बासुंदी

सांगलीत दवाखान्यासमोर तंदुरी कोंबडी आणि बासुंदी शेजारी शेजारी मिळते. रहिमतपूरहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढत, पुन्हा घालत मला विचारलं, “पावनं, ताकद कशात जादा? बायकूचं आपरेशन झालंय. लय वाळलीया.”

मी शंभर-शंभर ग्रॅमचा हिशेब सांगितला. कोंबडीत प्रथिनं तिपटीहून जास्त, बासुंदीत साखरच फार.

त्यानं मान डोलावली आणि बासुंदी घेतली.

“अहो, मी कोंबडी म्हणालो!”

“व्हय. पर कोंबडी नेली की निम्मी माझ्यासाठनं झाकून ठिवती. मला साखर हाय. बासुंदी समदी तिलाच खावी लागंल.”

घरी येऊन मी पुन्हा मांडलं. निम्मी धरूनही प्रथिनं कोंबडीतच जास्त भरतात. तरी त्याचं चुकलं असं मला अजून म्हणवत नाही.