कापलेला वळसा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीटसं कळत नाही.

इथे परदेशात, पिस्कॅटवेत, बारशी, मुंजी शूट करत करत मी स्वतःचा स्टुडिओ उभा केला. डोक्यावर कुणाचा हात नव्हता. म्हणून घासाघीस केल्याशिवाय मी कॅमेऱ्याचं झाकणही काढत नाही. सार्नोकाका जावा बेटावरचे. इथल्या एका हॉलमध्ये गामेलान शिकवतात — जमिनीवर ओळीने मांडलेली काशाची वाद्यं, दहा-बाराजणांनी मिळून वाजवायची. नव्या मुलांपर्यंत ते पोचावं म्हणून त्यांना मिनिटभराच्या रील्स हव्या होत्या. माझा सौदा सरळ होता: शूटिंग फुकट, पण वार्षिक कार्यक्रमात स्टेजवरून माझ्या स्टुडिओचं नाव घ्यायचं. ते हो म्हणाले. आणि स्टेजवरून त्यांनी सगळ्यांचे आभार मानले — खुर्च्या लावणाऱ्यांचेसुद्धा. माझे नाहीत. मी तिथेच जाब विचारला, तर हसून म्हणाले, "कॅमेरा काय, आज सगळ्यांच्याच खिशात असतो."

ते हसणं झोंबलं. अजून झोंबतं — लपवून काय उपयोग?

आता ऐका. ती वाद्यं ओलांडायची नसतात. कधीच नाही. पहिल्या दिवशी मी घाईत ओलांडली तेव्हा काकांनी मला थांबवलं, आणि मी नकळत वाद्याला हात लावून कपाळाला लावला — पुस्तकाला पाय लागल्यावर आपण करतो तसं. म्हणजे मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं.

कार्यक्रमानंतरच्या शूटिंगमध्ये काका माझ्या लाइटची वायर ओलांडायला पाय उचलतात, मग वाद्यांच्या ओळीला पूर्ण वळसा घालून पलीकडे जातात. लांबी कमी करताना मी वळसा कापला. उचललेला पाय इकडे — टेकलेला पाय तिकडे. मध्ये वाद्य. चुकून झालं? कापताना, हो. पण मग मी ते पाहिलं. तीनदा पाहिलं. आणि पोस्ट केलं.

दोन दिवसांत जावाहून संतापलेल्या कॉमेंट्स येऊ लागल्या. मग ज्यांनी काकांना हे शिकवलं, त्या त्यांच्या थोरल्या भावाचा त्यांना फोन आला. काका स्टुडिओत आले, न बसताच म्हणाले, "तू होतीस ना तिथे. मी खरंच ओलांडलं का?"

"दिसतंय ना काका, व्हिडिओत."

"मला आठवत नाही... वय झालं बहुतेक."

त्यांना माफीचा व्हिडिओ करायचा होता. तोही मीच शूट केला. वाद्यांपुढे त्यांनी मान खाली घातली, तेवढ्यात माझी सावली त्यांच्यावर पडली, म्हणून मी म्हटलं — काका, पुन्हा एकदा. त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

आता ते दाराशी खुर्ची टाकून शिकवतात. वाद्यांजवळ जायचं असलं की कुणातरी विद्यार्थिनीचा हात धरतात. आपला पाय कुठे पडेल, याचा त्यांना भरवसा उरलेला नाही. मूळ शूटिंग माझ्याकडे आहे, वळशासकट. मी अजूनही तिथे जाते, कॅमेरा लावते. पलीकडे पोचले की ते माझ्याकडे बघून विचारतात, "नीट आलो ना मी?"

मी हो म्हणते.