लिंबाच्या दुधावरचे भुंगेरे

आमच्या गल्लीच्या तोंडाचा कडुलिंब भुंगेऱ्यांनी खाल्ला, असे आता सगळे सांगतात. हे खोटे आहे. ते भुंगेरे मी रोज पाहत होतो.

लिंबाखाली एका बाईचा इस्त्रीचा गाडा होता. गल्ली तिला अक्का म्हणते. कोळशाची इस्त्री आणि सोलापूरचा उन्हाळा. सावली नसेल तर दुपारी तिथे उभे राहता येत नाही. लिंब हेच तिचे दुकान होते.

होळीनंतर गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले. खोदताना जेसीबीने लिंबाची एका बाजूची मुळे तोडली आणि काँक्रीट थेट बुंध्याला भिडवले. अक्का ठेकेदाराच्या माणसाला म्हणाली, "त्याला पाणी जायला जागा ठेव की रे."

"लिंबाला नळ जोडून देऊ का, अक्का?" तो म्हणाला. उभे असलेले सगळे हसले.

ऊन तापले तसा खोडातून पांढरा, फेसाळ रस वाहू लागला. दुखावलेला लिंब कधी कधी असा रस सोडतो. गल्लीने त्याला हळदकुंकू लावले. लिंबाला दूध फुटले, देवी आली! संध्याकाळी बाटल्या घेऊन रांग लागली. मंडळाच्या अध्यक्षाने देवीचा फ्लेक्स लावला. त्यावर लिंब लहान आणि अध्यक्ष मोठा होता. धार मंदावली तेव्हा त्यानेच कोयता आणून साल आणखी कापली. तीर्थ सगळ्यांना मिळाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

मी त्याला सांगितले, "मुळं तुटली आहेत. बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडा."

"पेपरवाले, तुमाला सगळ्यातच खोट दिसते," तो म्हणाला. "देवीला तरी सोडा की."

भुंगेरे त्यानंतर आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. रस आंबला होता, ताडीसारखा वास सुटला होता. नखाएवढे, काळपट हिरवे, पाठीवर पांढरे ठिपके. कोयत्याच्या घावात डोके खुपसून ते तासन्‌तास पीत. एक मी तळहातावर घेऊन भिंगातून पाहिला. तोंडाशी कुंचल्यासारखे केस होते. साल कुरतडणे त्या तोंडाला जमणारे नाही. त्याला पिण्यासाठी जखम दुसऱ्याने करून ठेवावी लागते.

गल्लीला चिंता वेगळीच होती. "किडे तीर्थ उष्टं करायलेत," अध्यक्ष म्हणाला. देवीला उष्टे चालत नाही. त्याच्या पाहुण्याची डाळिंबाची बाग होती. तिथला फवारणीचा पंप आला, औषध आले. जिथे लोकांनी आदल्या दिवशी ओंजळ धरली होती, तिथे विष मारले. तरी भुंगेरे आले. मग रॉकेलचे बोळे पेटवून बुंध्याला धूर दिला. साल कोळशासारखी झाली. ब्लॉकवर भुंगेरे उताणे पडले होते आणि अक्का ते झाडत होती.

"आता माझा लिंब जगंल का ओ?" तिने विचारले.

दूध थांबले. देवी गेली, रांगही गेली. पाने पिवळी पडली, फांद्या वाळल्या. महापालिकेतून पाहणीला आलेल्या माणसाने बुंध्याशी पडलेले मेलेले भुंगेरे पायाने सारले आणि म्हणाला, "कीड लागली. तोडावं लागेल." काँक्रीटकडे त्याने पाहिले नाही. तो त्याच काँक्रीटवर उभा होता.

लिंब तोडला त्या दिवशी मी ओंडक्यांपाशी गेलो. लाकूड घट्ट होते. कुठेही भोक नव्हते, भुसा नव्हता. मी अध्यक्षाला म्हणालो, "किड्यानं पाडलेलं एक भोक दाखवा."

"आता मेल्या झाडाचा पंचनामा कशाला?" त्याने हसत विचारले. "पावसाळ्यात नवं लावू की."

नवे कुठे लावणार, हे मी विचारले. तिथे सगळीकडे ब्लॉक आहेत.

अक्काला त्याने सावलीसाठी देवीचा तोच फ्लेक्स दिला. तो चार काठ्यांवर ताणून तिने गाडा लावला. परवा सकाळी अध्यक्ष स्वतःचे पांढरे शर्ट घेऊन आला.

"अक्का, कार्यक्रम आहे. दुपारी कडक करून ठेवा."

"दुपारी मी नसते," ती म्हणाली. "तुमची सावली लई तापतीया." आणि तिने इस्त्रीतले निखारे पत्र्यावर ओतून त्यावर पाणी मारले.