चाकाखालची लिंबं
नव्या टायरचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात मी आणि आमचे मालक, आम्ही नवरा-बायको, जुन्या व्हॅनमध्ये सोलापुरी चादरी भरून जत्रा करत हिंडायचो. झोपणं, रांधणं सगळं गाडीतच. भवानी पेठेत टायर घ्यायला गेलो, तेव्हा मी म्हटलं, "खोल खाचांचे घ्या, काळ्या रानातनं जावं लागतंय." दुकानदाराने बारीक रेघांचे पुढं केले, "हे बारा महिने चालत्यात." मालक माझ्यावरच खेकसले, "बाईमाणसाला टायरमधलं काय कळतंय? गप की!" घेतले तेच. पूजेला मात्र मी लागले. चाकांना हळदकुंकू लावून खाली लिंबं मीच ठेवली. पावसाळ्यात मंगळवेढ्याजवळ गाडी चिखलात रुतली. मी मागून ढकलत होते, चाकं जागीच फिरून लुगडं चिखलानं भरत होतं, आणि मालक म्हणतात, "तू लिंबं नीट ठेवली न्हाईस!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यातली लिंबं त्यांच्या हातात कोंबली, "घ्या, आता तुमी ठेवा नीट, आन् ढकला," म्हटलं आणि आत बसून दार लावून घेतलं. परवा नातवाने नव्या गाडीला लिंबं ठेवायला बोलावलं. मी आधी वाकून टायरच्या खाचांत बोट घालून बघितलं.