चर्चेला बोलावलंय

बोईसर-तारापूर रस्त्यालगतच्या या शाळेत 'चर्चा' हा शब्द जुना आहे. मुलाने काच फोडली की शिपाई आनंदा घरी निरोप नेतो, "सरांना चर्चा करायची आहे." बाप कारखान्यातली पाळी बदलून येतो. मुख्याध्यापक कमलाकांत सर बोलतात, बाप मान हलवतो आणि चर्चा संपन्न होते.

आठवीच्या वर्गशिक्षिका ज्ञानेश्वरी चुरीबाई घिवलीहून स्कूटरने येतात. बारीक आवाज आणि मुलांना प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची खोड. नोकरीत ही खोड सहसा पहिल्या वर्षीच सुटते. त्यांची राहून गेली. भांडून त्यांनी शुक्रवारचा एक तास मिळवला होता, मुलांनी आपसात बोलण्यासाठी. इतर तासांना मुले फळ्याकडे बघून बोलतात. या तासाला ती नुकती कुठे एकमेकांकडे बघू लागली होती.

अशात शिक्षण खात्यातून आदेश आला: वर्गात अर्थपूर्ण चर्चा घडवावी, शुक्रवारी साहेब बघायला येतील. सरांनी तत्परतेने चर्चा छापूनच घेतली. विषय 'पाण्याचे महत्त्व'. उत्स्फूर्तपणे कोणी काय बोलायचे ते कागदावर तयार. कमलेशने 'मी आदरपूर्वक असहमत आहे' म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात सहमत व्हायचे.

बाईंनी कागद परत केला. "मुलं बोलतील, सर."

"आणि नाही बोलली तर?"

"थांबू."

"साहेब थांबायला येत नाहीत, बाई. फसलं तर तुमचा शुक्रवारचा तास सराव चाचणीला."

बाईंनी वर्गात सांगितले, "शुक्रवारी चर्चा आहे. सगळ्यांनी यायचंच." आजवर त्या नुसते 'शुक्रवारचा तास' म्हणत. आदेशाचा मान राखायला गेल्या आणि फसल्या.

मुलांनी घरी निरोप पोचवला आणि शुक्रवारी वर्गाच्या दाराशी पालक उभे. डोंगराकडच्या पाड्यावरून बायडीची आई रंभाबाई आली होती, भांडायच्या तयारीने. "आमचे बायडीने काय केलं?"

"काही नाही हो. चर्चा आहे," बाई म्हणाल्या.

"चर्चा हाय म्हणून तं आले!"

"लोकसहभाग," सर सोबत आलेल्या साहेबांना म्हणाले. सगळ्यांना मागच्या बाकांवर बसवण्यात आले.

बाईंनी फळ्यावर लिहिले, 'चर्चा म्हणजे काय?' वर्ग गप्प. सर खाकरले. बाई थांबल्या.

शेवटी सालवडचा कमलेश उठला. "चर्चा म्हणजे सर बोलणार, पप्पा ऐकणार."

"गप रे," तेजल म्हणाली. "आमची मम्मी येते तेव्हा सर ऐकतात."

वर्ग हसला. "ती चर्चा नाय, ते भांडण," कमलेश म्हणाला.

"भांडणात दोघंपण बोलतात," बायडी म्हणाली. "तुज्या पप्पांपेक्षा बरं."

"मग आपला शुक्रवारचा तास काय?" कमलेशने विचारले.

"ती चर्चा," बायडी म्हणाली. "कोणाचे आईबापाला बोलवत नाय."

"मंग मला कशाला बोलावलं?" मागून रंभाबाई.

"माझा शब्द चुकला, ताई," बाई म्हणाल्या.

सरांना राहवले नाही. "बायडी, 'नाय' नाही. 'नाही' म्हण."

सगळ्या माना फळ्याकडे वळल्या. बाईंनी वाट पाहिली.

"सर," तेजल म्हणाली, "मधे बोलायचं तर हात वर करायचा. आमचा नियम हाय."

सरांनी साहेबांकडे पाहिले. साहेब रस घेऊन बघत होते. सरांनी हात वर केला.

"हां, बोला सर," बायडी म्हणाली.

सरांनी हात खाली घेतला.

साहेबांनी शेरा दिला: 'चर्चा समाधानकारक. मात्र विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एकवाक्यता आढळली नाही.'

सरांनी दुसरे वाक्य तेवढे वाचले. सोमवारी भर वर्गात आनंदा आला. "बाई, सरांना चर्चा करायची आहे. शुक्रवारच्या तासाबद्दल."

बाई उठल्या. मागोमाग तेजल, कमलेश आणि बायडीही उठली, हात वर करून. "चर्चा हाय ना, बाई?"

आनंदा हे ऑफिसात सांगून परत आला. "सर म्हणाले, राहू द्या."

तास जागेवर आहे. पालकांना मात्र हल्ली 'सरांनी भेटायला बोलावलंय' असा निरोप जातो.