चिकाला भावच न्हाई

तापवलेलं दूध न ढवळता बाजूला ठेवलं की त्यावर आपोआप साय धरते. किश्शांचंही तसंच आहे. चार माणसांना रोज एकाच जागी, हाताला काम न देता, थांबवून ठेवा, किस्से जमणारच! आम्हा दूधवाल्यांना थांबवून ठेवायचं काम सर्व्हिस मोटार करते. कोरेगावहून साताऱ्याला जाणारी ही मोटार लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर चालायला लागली आणि तेव्हापासून ती केव्हा येईल हे तिचं तिलाही सांगता येत नाही. फाट्यावर आम्ही भरलेल्या चरव्यांवर फडकी बांधून बसायचं, रस्त्याकडे बघायचं आणि बोलायचं. दुसरं करणार काय?

आम्ही म्हणजे आबा, शंकर, भागूआक्का आणि मी. आबा सगळ्यांत वडील, त्यांच्या तोंडाला लागू नये. शंकर फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, म्हशीलासुद्धा "अटेन्शन!" म्हणतो. भागूआक्का एकट्या राहतात. लेक सांगलीकडं दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. त्यांच्याकडे एकच म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिचं नाव चांदी. हे किस्से शेवटी या चांदीपाशीच येऊन थांबतात.

*

लढाईच्या काळात साताऱ्याजवळ मिलिटरीचा कॅम्प होता. काँट्रॅक्टर मोटारीपाशीच उभा राहून आमचं दूध उचलायचा. घरी पोरांना पाणीदार चहा आणि कॅम्पातल्या साहेबांना दाट दूध, असे ते दिवस. आम्ही गोठे वाढवले, कडबा साठवला, म्हशी घेतल्या.

मग लढाई संपली. गावात साखर वाटली. शंकरनं फेटा उडवला. आणि पुढच्याच आठवड्यात काँट्रॅक्टर म्हणाला, "कॅम्प उठला. आता हॉटेलवाले देतील तो भाव." हॉटेलवाले निम्मा देत होते!

आबांनी चरवीवरचं फडकं घट्ट केलं. मग त्यांनी शंकरला विचारलं, "शंकर, लढाई जिंकली कुणी म्हनालास?"

"आपुन, आबा! इंग्रजानं!"

"आसं व्हय. मग इंग्रज जिंकला, आन आमच्या म्हशी हारल्या!"

*

शंकरला हे सहन झालं नाही. त्यानं फाट्यावर उभं राहून हुकूम सोडला, "उद्यापासनं साताऱ्याला थेंब जायचा न्हाई! हॉटेलवाले आपसूक शरण येत्यात का न्हाई बगा."

आम्ही ऐकलं. दूध घरीच ठेवलं. सकाळी घरोघरी बासुंदी झाली. संध्याकाळी विरजणं लागली. नंतर विरजणाला भांडी पुरेनात. घरातली घागर, परात, पूजेचं तपेलंसुद्धा दुधानं भरलं. आणि म्हशी? त्या आपल्या वेळेला कास भरून उभ्याच! मी त्या दिवसांत प्रथमच नीट पाहिलं, की भाव चढो की पडो, हे जनावर गवत खातं आणि त्याचं दूध करून आपल्यापुढे ठेवतं. रोज. त्याला थांब म्हणायची सोय नाही.

शेवटी आबांनी त्यांच्या कुत्र्यापुढे दुधाचं वाडगं ठेवलं. त्यानं वास घेतला, आबांकडं पाहिलं आणि भाकरीच्या तुकड्यासाठी शेजारच्या दारात जाऊन बसलं.

शंकर म्हणाला, "कुत्रंबी फितूर झालं गड्या!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या चरव्या पुन्हा फाट्यावर. शंकरची सगळ्यांत पुढे.

*

भाव पडल्यावर दुधात पाणी घालायचा मोह कुणाला झाला नाही असं नाही. नावं लिहीत नाही. पण भागूआक्कांची गोष्ट सांगतो.

एकदा मोटारीच्या टपावर चरव्या होत्या आणि वाटेत वळवाची सर आली. आक्कांच्या चरवीवरचं फडकं वाऱ्यानं निसटलं. साताऱ्यात हॉटेलात माप सुरू झालं तेव्हा आक्का आपणहून म्हणाल्या, "मालक, आज ह्यात पाऊस पडलाय. तेवढा मापातनं काढा."

हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्याला असं कुणी म्हणालं नसावं. तो हसत म्हणाला, "आक्का, किती पडला पाऊस?"

"त्ये म्या कसं सांगू? आभाळाला इचारा!"

त्या दिवसापासून तो आक्कांच्या चरवीत बोट बुडवून बघत नाही. भाव मात्र त्यानं त्यांनाही तोच दिला.

*

आता रामू हेडी. हेडी म्हणजे जनावरांची खरेदी-विक्री जमवणारा माणूस. हा विट्याकडचा. त्याच्या गावची निम्मी माणसं परमुलखात सोनं गाळायच्या धंद्यात. रामू म्हणायचा, "माझा भाऊ तिकडं सोनं गाळतो आन मी हितं शेण तुडवतो. आई एकच, बरं का!"

रामू खांद्यावर नवं दावं टाकून गावात शिरला की बायका आपापल्या गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. कारण आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दावं गेलं तर गोठ्यातली लक्ष्मी गेली. म्हणून घेणारा नवं दावं घेऊन येतो, ते जनावराच्या गळ्यात पडतं आणि जुनं दावं खुंटीलाच राहतं. रामूच्या खांद्यावर दावं दिसलं, की आज कुठली तरी खुंटी रिकामी होणार हे ठरलेलं.

दुधाचा भाव खाली आला होता, म्हशीला घालायची सरकी मात्र वरच बसून राहिली होती. म्हशीनं दिलेलं तिच्याच पोटात घालायला पुरेना. आबांनी त्यांची थोरली म्हैस रामूला दिली. रामू तिला चालवत पार रहिमतपूरच्या पुढं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गोठ्यात जातात तो म्हैस आपल्या जागेवर उभी! गळ्यात रामूचं दावं तुटून लोंबतंय, आणि तोंड खुंटीवरच्या जुन्या दाव्याकडं. एवढी वाट, वाटेत ओढे, गावं, कुत्री. तिला कुणी रस्ता दाखवला? मी स्वतः तिच्या खुरांना लागलेला तांबडा चिखल पाहिला. तसला चिखल आमच्या शिवारात नाही.

दुपारी रामू धापा टाकत आला. म्हैस पाहिली आणि मटकन बसला. "आबा, दावं नवं हुतं गा. तिनं तोडलं कसं?"

आबांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "ह्यावेळी मी येतो संगं. माझ्या मागनं येईल ती." आणि ते गेलेही. परत आले ते एकटेच. दोन दिवस त्यांनी फाट्यावर कुणाची टिंगल केली नाही!

*

मग आक्कांच्या चांदीची पाळी आली. ती गाभण होती, दिवस भरत आले होते. आक्कांच्या वळचणीला कडबा उरला नव्हता आणि सरकीचं पोतं केव्हाच झटकून घडी करून ठेवलं होतं. आक्कांनी रामूला निरोप धाडला, "व्याली की घिऊन जा. ताज्या म्हशीला चांगलं घर मिळंल."

रामू आला. आक्कांनी त्याला चहा दिला आणि चौकशी सुरू केली. कुणाच्या दावणीला जाणार? पाणी किती लांब? गोठ्यावर सावली हाय का? धार काढणारी बाई हाय का गडी? मालक पितो का? म्हशीला मारतो का?

रामूनं प्रत्येकाचं उत्तर दिलं. शेवटी आक्का म्हणाल्या, "बरं. शब्द दिला तुला." आमच्याकडे मग त्यावर बोलणं नसतं.

फाट्यावर येऊन रामू आम्हाला म्हणाला, "आवं, माझ्या पोरीच्या लग्नातबी म्या एवढी चौकशी केली न्हवती!"

आबा म्हणाले, "म्हणून तर तसला जावई मिळाला तुला!"

आक्का हसल्या नाहीत. त्या रस्त्याकडे बघत होत्या, मोटार येत नव्हती तरी.

*

चांदी व्याली. पारडी झाली, आईसारखीच कपाळावर ठिपका असलेली. बातमी साताऱ्याला पोचली आणि तोच हॉटेलवाला टांगा करून आक्कांच्या दारात! त्याला कुठल्या तरी बड्या घरच्या पंगतीसाठी खरवस हवा होता.

"आक्का, सगळा चीक मला द्या. दुधाचं सोडा, ह्याला मी तुम्ही म्हणाल तो भाव देतो."

आता आमच्याकडे व्यालेल्या म्हशीचं पहिलं दाट दूध, म्हणजे चीक, कुणी विकत नाही. पारडीला पोटभर पाजायचं, देवाला दाखवायचं आणि उरलेलं घरोघर वाटायचं. पण त्या दिवसांत आमची सगळ्यांची मनं डळमळली होती. शंकर पुढे झाला. "आक्का, काळ बगा. एवढ्यात सरकीचं पोतं येईल. कदाचित चांदीला द्यायचीबी पाळी येणार न्हाई. द्या त्यास्नी."

आक्कांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "शंकर, भाव दुधाचा उतरलाय. चिकाला भावच न्हाई, मग उतरंल कसा आन चढंल कसा?"

हॉटेलवाला टांग्यात जाऊन बसला. पण आक्कांनी त्याला तसं जाऊ दिलं नाही. "थांबा मालक, दारात आलायसा," म्हणाल्या आणि त्याच्या हातात चिकाचा एक गडू दिला. फुकट! टांगा वळेपर्यंत तो त्या गडूकडंच बघत होता.

*

त्या दिवशी आक्का स्वतः घरोघर फिरल्या. चीक थोडा आणि घरं पुष्कळ. कुणाला वाटी, कुणाला फुलपात्र. देवळात रामू उतरला होता, सकाळी चांदीला घेऊन निघायचं म्हणून. त्याला तांब्याभर दिला. "तू पाव्हणा," म्हणाल्या.

आमच्याकडे चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तळाला चिमूटभर साखर, नाहीतर चार दाणे जोंधळा टाकायची रीत आहे. संध्याकाळी भांडी परत यायला लागली. पहिली वाटी आली, तिच्यात सरकी. दुसरीत सरकी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, मी मागाहून सगळीकडे विचारून पाहिलं. फुलपात्रं शिगोशीग भरून येत होती. ज्यांच्या घरी म्हैसच राहिली नव्हती त्यांनी पेंडीचा तुकडा टाकला होता. शंकर आपली वाटी पोत्यावर ठेवून पोतंच पाठीवर घेऊन आला आणि म्हणाला, "आक्का, चांदीचं रेशन!" सगळ्यांत शेवटी आबा. विकलेल्या म्हशीची उरलेली सरकी त्यांनी पाटीत भरून आणली होती. पाटी खाली ठेवली आणि नुसते उभे राहिले.

आक्का त्या राशीकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "आक्का, आता कशाला देता चांदीला?"

त्या म्हणाल्या, "आण्णा, सरकी आली म्हणून शब्द माघारी कसा घिऊ?"

 रामूशी याबद्दल बोलावं असं कुणी म्हणालं नाही. शब्द आक्कांचा होता. त्यांनी सगळ्यांसमोर चांदीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि खुंटीला अडकवून ठेवलं.

सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे फाट्यावर होतो. आक्का नव्हत्या. गावातून रामू एकटाच आला. रामू परत निघाला की कायम जनावराबरोबर पायी. त्याला मोटारीची वाट बघताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोरेगावकडे जाणारी मोटार आली तसा त्यानं हात केला. पानानं तोंड झाकलेला तांब्या आबांच्या हातात ठेवला, "आक्काचा हाय," म्हणाला आणि चढून बसला.

आबा आणि मी आमच्या चरव्या शंकरच्या हवाली करून तांब्या घेऊन आक्कांकडे गेलो. त्या गोठ्यात बसल्या होत्या. चांदी मोकळीच उभी होती आणि पारडीला चाटत होती. आक्कांनी तांब्या घेतला, पान काढलं.

आत सरकी नव्हती. नवंकोरं दावं, घट्ट गुंडाळून बसवलेलं.

आक्कांनी ते बाहेर काढलं, उलगडलं. म्हशीच्या गळ्याचं दावं, पारडीला फार लांब होतं. त्यांनी ते मधोमध दुमडलं आणि पारडीच्या गळ्यात बांधलं.