घोळ माशाची साक्ष

मला नको तिथे हसू येतं. सनद मिळून वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात पालघरच्या कोर्टातून मी दोनदा तोंडात पदर कोंबून बाहेर पळाले होते. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकत होते ते साहेब म्हणायचे, "तुझ्या अशिलाला फाशी झाली तरी तू खुदखुदत असशील." तालुक्याच्या कोर्टात फाशी देत नाहीत, असं मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर ते आणखीच भडकले.

त्या पावसाळ्यात दांडी गावची एक मासेवाली आमच्या ऑफिसच्या पडवीत येऊन बसली. शिमग्यानंतर मुंबईच्या एका हॉस्पिटलात तिच्या जिभेचा डावा काठ कापून काढला होता. कॅन्सर. साठच्या दशकात हा शब्द लोक दार लावून उच्चारायचे. हिनं तो भरल्या बाकावर सगळ्या पक्षकारांदेखत उच्चारला आणि शेजारचे दोघे उठून उभेच राहिले. तिचं बोलणं जाड झालं होतं, पण ती एकेक शब्द जागच्या जागी ठेवत बोलायची, त्यामुळे समजायला काही अडत नव्हतं.

"बोईसरच्या डाक्तरानं सात म्हयने जांबला औशद लावला," ती म्हणाली. "बोलला, उष्नता हाय. मंग मुंबईचा डाक्तर मना बोलला, इतके दिस काय करत होतीस? माजा नवरा बाजूलाच उबा. तवापासून गावभर सांगत फिरतो, हिनं दुखनं आंगावर काढलं."

साहेबांनी विचारलं, "मग नुकसानभरपाई किती मागायची?"

"ती तुमी बगा. मना कागद पायजे. डाक्तरानं लिवून द्यावा, बाई टायमावर आली होती, उशीर माज्याकडनं झाला. मी आंगावर नाय काढला, बाय." शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे वळून म्हटलं. तिच्या डोळ्यांत एवढा संताप होता की मला पहिल्या दिवसापासून ती फार आवडली.

साहेब मला आत नेऊन म्हणाले, "डॉक्टरवर दावा! उद्या वरुणराजावर लावशील." पण नोटीस लिहिण्याची त्यांना भारी हौस. दोन दिवसांत त्यांनी अशी काही जडजंबाळ नोटीस धाडली की डॉक्टर ती वाचूनच आजारी पडले असावेत. उत्तर मात्र चोख आलं. सदर बाई आपल्याकडे एकदाच, शिमग्यानंतर आल्या. आपण त्यांना त्याच क्षणी मुंबईला जायला सांगितलं. केसपेपर कुठे होते? डॉक्टर सगळं डोक्यात ठेवायचे, आणि औषध कागदी पट्टी चिकटवलेल्या बाटलीत.

मी तिला तारखा विचारल्या. तारखा तिला ठाऊक नव्हत्या. पण डॉक्टरकडे आणि देवाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. दर खेपेला कोणता मासा नेला ते तिला पाठ होतं. नारळी पुनवेनंतर होड्या गेल्या, तेव्हा पहिल्या डोल जाळ्यातले दोन सरंगे. दिवाळीच्या आधी ओले बोंबील. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घोळ. संक्रांतीला मुशी. शिमग्याआधी करंदी. मी लिहून घेतलं आणि यादी साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोर्टात माशांची साक्ष काढणार? त्यांना शपथ कोण देणार?"

मी इतकी हसले की मला पाणी पाजावं लागलं. तीही हसली, तोंडावर हात धरून, कारण हसताना तिला अजून दुखायचं.

आठवड्याभरानं डॉक्टरांनी तडजोडीचा निरोप धाडला. साहेबांचे गुडघे धरले होते, म्हणून मीच तिला घेऊन बोईसरला गेले. खाली दवाखान्यात तारापूरच्या अणुकेंद्राच्या बांधकामावरचे मजूर दाटीवाटीनं बसलेले, कंपाउंडर हिंदीत सगळ्यांवर खेकसत होता. डॉक्टरांनी आम्हाला माडीवर नेलं. गोलमटोल, प्रेमळ माणूस. त्यांच्या पत्नीनं चहाबरोबर चकल्या आणल्या. मी दोन खाल्ल्या, मग आपण विरुद्ध पक्षाच्या चकल्या खातोय हे लक्षात येऊन पुन्हा हसू फुटायला लागलं.

"हे बघ मुली," डॉक्टर म्हणाले, "बाईंबद्दल मला वाईट वाटतं. येण्याजाण्याचा खर्च देतो. पण त्या आल्याच एकदा, तर मी लिहून काय देऊ?"

मी घसा साफ केला आणि यादी वाचायला घेतली. आता मी उमरोळीची, वाडीतल्या केळी-पानवेलींत वाढलेली, घरात मासळी शिजत नसे. मला पापलेट आणि बोंबील यापलीकडे सगळे मासे सारखे. शिवाय हसू दाबण्याच्या नादात ओळी सरकल्या. मी वाचलं, "मार्गशीर्षातल्या गुरुवारी, मुशी एक..."

"मुशी?" डॉक्टरांनी कप आदळला. "मुशी कुठली! घोळ होती घोळ! एवढी हातभर! आणि नेमका आमच्याकडे गुरुवार, हिचं लक्ष्मीचं व्रत. दारातून परत पाठवावी लागली. अशी घोळ आयुष्यात पुन्हा नाही यायची!"

त्यांचा हात अजून माशाची लांबी दाखवत हवेतच होता. खाली कंपाउंडर कुणाला तरी "लाइन से आओ" म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "तेव्हाच मी म्हटलं होतं तुम्हाला, यांच्या तोंडातली जखम अजून कशी भरत नाही?"

डॉक्टरांनी हात खाली घेतला. चकलीची ताटली बाजूला सारली. मग कागद मागवला आणि ती सांगेल तसंच लिहिलं. बाई नारळी पौर्णिमेनंतर लगेच आल्या. वेळेवर आल्या. उशीर माझ्याकडून झाला. सही करताना त्यांचे डोळे भरले, आणि मला त्यांची दया आली, हेही सांगून टाकते. पण जिना उतरल्यावर मात्र मी आणि ती हातात हात धरून अशा हसत सुटलो की बाजारातली माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, आता मी सबंध जिल्ह्याच्या डॉक्टरांना सरळ करणार!

कागद नवऱ्याला वाचून दाखवायला ती मला दांडीला घेऊन गेली. होड्या वर ओढलेल्या होत्या आणि तो ओटीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. उंच, अबोल माणूस. शेजारच्या चार बायाही जमल्या. मी साक्षीदार पुकारावा तशा आवाजात कागद वाचला.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचला. त्यानं जाळं बाजूला ठेवलं.

"त्यात माजा नाव नाय?"

"तुमचं कशाला असेल?"

"नारली पुनवेलाच ही मना बोलली होती, मुंबईला ने. मी बोललो, आताच होडी पान्यात जाते, बोईसरच्या डाक्तराकडं जा, शिमग्यानंतर बगू. ती सांगल, म्हनून मीच आदी सगल्यांना सांगत सुटलो. हिनं आंगावर काढलं."

मी तिच्याकडे बघितलं. पडवीत, बोईसरच्या माडीवर, एवढ्या सगळ्या बोलण्यात तिनं हे एकदाही सांगितलं नव्हतं. मला मुळीच हसू आलं नाही.

"माजा पन लिव," तो म्हणाला.

असं केलं तर डॉक्टरांचा वकील हाच कागद आपल्यावर उलटवील, दावा बुडेल, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिव, बाय."

मी डॉक्टरांच्या सहीखाली दोन ओळी लिहिल्या. शिक्क्याची शाई नव्हती, तेव्हा माझ्या पेनातली शाई त्याच्या अंगठ्याला फासली. त्यानं अंगठा उठवला. तिनं तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पदरानं पुसत राहिली. शाई काही जाईना.

"आता बराबर झाला," ती म्हणाली.