राझियाखालांनी कागद वाचला, बारव वाचली

मंडळी, आज दुपारी आमच्या गावात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवेना.

आमचं गाव निलंग्याजवळ. नवा जिल्हा होणार अशी चर्चा सुरू झाल्यापासून रस्त्याकडेच्या जागांवर सगळ्यांचा डोळा आहे. दुष्काळात विहिरी आटल्या, पण रस्त्यालगतच्या जुन्या बारवेत अजून पाणी आहे. तीच बुजवायला शेजारच्या शेतमालकानं आज ट्रॅक्टरभर मुरूम आणला. आम्ही बायका ट्रॅक्टरपुढं उभ्या राहिलो.

तलाठी आले. मालकानं निजामाच्या काळातला उर्दू कागद पुढं केला. "बारव माझ्या आज्याची हाय. हे बघा!"

तलाठ्यांना उर्दू येईना, आम्हालाही येईना.

तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या आमच्या राझियाखाला गर्दीतून पुढं आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. चष्मा पुसून त्यांनी सावकाश कागद वाचला.

"शेत ह्याच्या आज्याचं हाय, बराबर. पण बावलीच्या, म्हंजी बारवेच्या काठापातूरच. बावली समद्या गावाची, असं लिव्हलंय."

मालक चिडला. "खाला, नीट वाचा!"

"लई नीट वाचलं, बाबा. तुझ्या आज्याचा अंगठा बी हाय खाली."

तलाठ्यांनी पंचनामा केला आणि कागदाची तपासणी होईपर्यंत काम थांबवलं. ट्रॅक्टर भरलेलाच परत गेला.

इतकी वर्षं आम्ही खालांकडं फक्त ब्लाउज शिवायला जात होतो. त्यांना काय काय येतं, हे कधी विचारलंच नाही. आज मी त्यांच्या गावची म्हणून ऊर भरून आला. उद्यापासून माझी लेक त्यांच्याकडं उर्दू शिकायला जाणार आहे.

तुमच्या गावातले जुने कागद कोण वाचतं?